यंत्रविशारद आर्देशीर वाडिया

१६ एप्रिल १८५३ या दिवशी मुंबईहून ठाण्यापर्यंत प्रवाशांची पहिली आगगाडी धावली. घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही त्या काळी साष्टी बेटावरील लहान लहान गावे होती. भातखाचरे, खाजणे आणि ताडामाडांच्या राया यांमधून धूर सोडीत जाणारे ते वाहन पाहून लोक थक्क झाले. बैल नाही, घोडा नाही, तरी गाडी चालते कशी, हे कोडे पुष्कळांना उलगडेना. पुढे अकरा वर्षांनी, म्हणजे १८६४ साली, अंधेरी आणि बोरिवली यांच्या बाजूनेही लोहमार्ग सुरू झाला आणि वाफेची गाडी हे नवल हळूहळू नेहमीचे झाले. आज त्याच मार्गांवरून विजेच्या गाड्या धावतात आणि उपनगरांतील लाखो माणसे त्यांतून रोज कामाला जातात.

परंतु मुंबईला वाफेच्या शक्तीची ओळख आगगाडीने प्रथम करून दिली असे नाही. त्याच्या वीस वर्षे आधीच एका तरुणाने आपल्या हातांनी बाष्पयंत्र बसवून मुंबईच्या बंदरात एक लहानशी आगबोट चालवून दाखविली होती. ठाण्याची गाडी सुटली, तेव्हा तो तरुण प्रौढ झाला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील बाष्पयंत्रांच्या कारखान्याचा प्रमुख म्हणून तो बारा वर्षे काम पाहत होता आणि त्याच्या हाताखाली अनेक इंग्रज कारागीर राबत होते. त्या कर्तबगार पुरुषाचे नाव आर्देशीर कर्सेटजी वाडिया.

वाडिया हे मूळचे सुरतेचे पारशी घराणे. जहाजे बांधणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय आणि त्यावरूनच त्यांना वाडिया हे आडनाव मिळाले. १७३६ साली या घराण्यातील लवजी नसरवानजी हे कुशल कारागीर कंपनी सरकारच्या बोलावण्यावरून काही सुतारांसह सुरतेहून मुंबईस आले. मुंबईचे बंदर खोल आणि वादळवाऱ्यापासून सुरक्षित. पण तेथे जहाजांची डागडुजी करण्याची पुरेशी सोय नव्हती. लवजींच्या काळात, १७५० साली, मुंबईत पहिली सुकी गोदी तयार झाली. सुक्या गोदीत भरतीच्या वेळी जहाज आत घेतात आणि नंतर दारे लावून आतील पाणी काढून टाकतात. मग जहाजाचा तळ उघडा पडतो आणि सुतारांना कोरड्या जागी उभे राहून काम करता येते.

लवजींच्या वंशजांनी या गोदीचा लौकिक सातासमुद्रापलीकडे नेला. मलबारच्या सागवानाची त्यांनी बांधलेली जहाजे इतकी टिकाऊ असत, की खुद्द इंग्लंडच्या आरमाराने त्यांच्याकडून लढाऊ जहाजे बांधून घेतली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले त्रिंकोमाली हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजूनही जतन करून ठेवलेले आहे. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी मुंबईच्या सुतारांचे ते काम अद्याप पाण्यावर तरंगत आहे.

अशा घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी आर्देशीर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कर्सेटजी रुस्तमजी हेही गोदीतच काम करीत. ताशलेल्या सागवानाचा वास, करवतींचा आवाज आणि तापलेल्या डांबराचा धूर यांच्या सान्निध्यात आर्देशीर वाढले. घरच्या रीतीप्रमाणे १८२२ च्या सुमारास तेही वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. तेव्हा त्यांचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. लाकूड पारखावे कसे, फळीला बाक कसा द्यावा, सांधे कसे बुजवावे, हे सारे त्यांनी प्रत्यक्ष काम करून शिकून घेतले. पुढे माझगावच्या गोदीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वाडवडिलांनी घालून दिलेल्या वाटेने ते चालत राहिले असते, तर मान आणि धन या दोन्ही गोष्टी त्यांना बसल्या जागी मिळाल्या असत्या.

तथापि त्या वाटेवरच एक नवे युग येऊन उभे राहिले होते. हजारो वर्षे माणसाने समुद्र ओलांडला, तो वाऱ्याच्या भरवशावर. वारा अनुकूल असला तर जहाज चाले. प्रतिकूल असला तर दिवसचे दिवस खोळंबून राही. नैऋत्येचा मोसमी वारा सुटला, की मुंबईहून पश्चिमेकडे जाणे शिडाच्या जहाजांना फार कठीण होई. १८२९ साली मुंबईच्या गोदीत ह्यू लिंडसे नावाची आगबोट बांधण्यात आली. तिचे लाकडी अंग वाडियांनी घडविले. पण तिची यंत्रे मात्र इंग्लंडहून आणावी लागली. २० मार्च १८३० रोजी ती आगबोट मुंबईहून निघाली आणि तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत जाऊन पोहोचली.

या घटनेतील मर्म आर्देशीर यांनी ओळखले. आगबोटीचे अंग मुंबईचे असले, तरी तिचा प्राण परका होता. यंत्र बिघडले, तर ते दुरुस्त करण्याची विद्या मुंबईच्या कारागिरांना अवगत नव्हती. उद्या सर्वच जहाजे वाफेवर चालू लागली आणि लाकडाची जागा लोखंडाने घेतली, तर केवळ सुतारकाम जाणणाऱ्या घराण्याने करावे काय? शंभर वर्षांची कीर्ती पाठीशी असलेले वाडिया आपल्याच गोदीत परक्यांच्या तोंडाकडे पाहत बसतील, हे स्पष्ट दिसत होते. आर्देशीर यांनी ही नवी विद्या मुळापासून शिकण्याचा निश्चय केला.

यंत्रविद्या शिकविणारे महाविद्यालय त्या वेळी मुंबईत नव्हते. त्यामुळे त्यांनी ग्रंथांना गुरू केले आणि माझगाव येथील आपल्या राहत्या जागीच लहानसा कारखाना आणि ओतशाळा थाटली. वाफेचे तत्त्व सांगावयास सोपे आहे. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळच्या पाण्यापेक्षा सुमारे सतराशेपट जागा व्यापू पाहते. तिला बंदिस्त पात्रात कोंडून एका नळकांड्यात सोडले, तर ती आतील दट्ट्याला जोराने ढकलते. दट्ट्या मागेपुढे सरकू लागला, की त्याला जोडलेला दांडा चाक फिरवितो. आगबोटीच्या दोन्ही अंगांना अशी वल्ह्यांची चाके बसविलेली असत आणि ती पाणी मागे लोटून बोटीला पुढे नेत. पण हेच तत्त्व प्रत्यक्षात उतरविणे फार अवघड. दट्ट्या नळकांड्यात सुताइतकाही सैल बसला तर वाफ निसटते आणि घट्ट बसला तर तो हलत नाही. पात्राचा एखादा सांधा कच्चा राहिला, तर ते फुटून जवळच्या माणसांचे प्राण जातात. लोखंड व पितळ यांवर हात बसविण्यासाठी आर्देशीर यांनी अपार कष्ट घेतले.

त्या कष्टांना १८३३ साली फळ आले. आर्देशीर यांनी सुमारे साठ टनांचे एक जहाज बांधले आणि इंग्लंडहून मागविलेले दहा अश्वशक्तीचे यंत्र त्यात स्वतः बसविले. या आगबोटीचे नाव त्यांनी इंडस म्हणजे सिंधू असे ठेविले. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. इंग्रज यंत्रज्ञाच्या मदतीवाचून आगबोट सिद्ध करणे मुंबईच्या माणसाला शक्य आहे, हे या लहानशा बोटीने दाखवून दिले.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८३४ साली, त्यांनी मुंबईकरांना आणखी एक नवल दाखविले. दगडी कोळसा हवाबंद लोखंडी पात्रात घालून बाहेरून खूप तापविला, म्हणजे त्यातून जळणारा वायू बाहेर पडतो. तो पाण्यातून व चुन्यातून गाळून शुद्ध करावा आणि नळ्यांनी हवा तेथे न्यावा, म्हणजे नळीच्या तोंडाशी त्याचा दिवा पेटतो. आर्देशीर यांनी ही सारी योजना आपल्या घरी अंमलात आणली आणि आपला बंगला व भोवतालची बाग वायूच्या दिव्यांनी उजळून टाकली. तेलाच्या समईवर आणि मेणबत्तीवर रात्र काढणाऱ्या शहरात तो प्रकाश अपूर्व होता. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर हेही तो पाहण्यास आले आणि त्यांनी आर्देशीर यांचा सन्मान केला. मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागले ते १८६५ साली, म्हणजे त्यानंतर एकतीस वर्षांनी!

एवढ्यावर आर्देशीर यांचे समाधान झाले नाही. मोठमोठी यंत्रे जेथे घडत होती, ते कारखाने प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज आपले ज्ञान अपुरे राहील, हे ते जाणून होते. म्हणून सप्टेंबर १८३९ मध्ये ते इंग्लंडला जाण्यास निघाले. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. आगबोटीने तांबडा समुद्र ओलांडावयाचा, मग वाळवंटातून कैरो गाठावयाचे आणि अलेक्झांड्रिया बंदरात पुन्हा दुसरी बोट धरावयाची, असा तो दगदगीचा प्रवास होता. या प्रवासाची रोजनिशी त्यांनी इंग्रजीत लिहिली व ती १८४० साली लंडन येथे प्रसिद्ध झाली. त्यांच्या घराण्यातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण जहाजबांधणी शिकण्यासाठी आधीच तेथे गेलेले होते. इंग्लंडमध्ये आर्देशीर यांनी बाष्पयंत्रांचे कारखाने बारकाईने पाहिले, तेथील नामांकित यंत्रज्ञांशी परिचय करून घेतला आणि तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचे ते सहसभासदही झाले.

त्यांची योग्यता पाहून कंपनी सरकारने त्यांची मुंबईच्या बाष्पयंत्र कारखान्यावर प्रमुख यंत्रज्ञ आणि यंत्रनिरीक्षक म्हणून नेमणूक केली. १ एप्रिल १८४१ रोजी त्यांनी या पदाची सूत्रे हाती घेतली. आज ही गोष्ट साधी वाटेल. पण त्या काळी ती फार मोठी होती. राज्य इंग्रजांचे होते. वरची जागा इंग्रजाची आणि त्याच्या हाताखाली देशी माणूस, असा सर्वत्र शिरस्ता होता. या कारखान्यात मात्र प्रमुख हिंदी होता आणि त्याच्या हाताखाली युरोपीय साहाय्यक, सुमारे शंभर युरोपीय कारागीर आणि सुमारे दोनशे देशी कारागीर होते. असा प्रकार पूर्वी कोणी पाहिला नव्हता. पुष्कळांना तो रुचलाही नाही. इंग्रज कारागिरांना हुकूम देण्याचे काम देशी माणसाला झेपेल काय, अशी शंका मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने उघडपणे बोलून दाखविली.

आर्देशीर यांच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. कारखान्यात एखादी मोठी चूक घडली असती, तर ती चूक आर्देशीर वाडिया यांची आहे असे कोणी म्हटले नसते. हिंदी माणसाला यंत्रविद्या साधतच नाही, असा निष्कर्ष लोकांनी काढला असता आणि पाठीमागून येणाऱ्या कित्येकांच्या वाटा बंद झाल्या असत्या. शिवाय ते कामही जोखमीचे होते. त्या काळच्या आगबोटींची पात्रे समुद्राच्या पाण्यावर चालत. पाणी आटले, की आत मिठाची खपली साचे आणि तिच्यामुळे लोखंड अवाजवी तापून खराब होई. दोष वेळीच लक्षात आला नाही, तर भर समुद्रात पात्र फुटून शेकडो जिवांवर संकट ओढवे. आगबोट सुस्थितीत आहे किंवा नाही, हे पारखण्याची जबाबदारी यंत्रनिरीक्षकावर असे.

आक्षेप घेणाऱ्यांशी वाद घालीत बसण्यापेक्षा आर्देशीर यांनी आपल्या कामाकडे लक्ष दिले. सुतारकामापासून यंत्राच्या जोडणीपर्यंत प्रत्येक काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेले होते. त्यामुळे कोणते काम किती वेळात व कसे व्हावयास पाहिजे, याची त्यांना अचूक कल्पना असे. ज्याला काम येते, त्याच्या हुकुमाला आपोआप वजन येते, याचा प्रत्यय कारखान्यात सर्वांना आला. एक दोन नव्हे, तर तब्बल सोळा वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. वृत्तपत्राने घेतलेल्या शंकेला यापेक्षा समर्पक उत्तर दुसरे कोणते असू शकेल?

ज्या वर्षी त्यांच्या योग्यतेविषयी मुंबईत कुजबुज चालली होती, त्याच वर्षी लंडनमध्ये तिच्यावर थोर शास्त्रज्ञांनी शिक्कामोर्तब केले. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटी या जगद्विख्यात विद्वत्सभेने आर्देशीर यांची सभासद म्हणून निवड केली. सर आयझॅक न्यूटन यांनी एके काळी ज्या सभेचे अध्यक्षपद भूषविले, तीच ही सभा. जहाजबांधणीचे शास्त्र व प्रत्यक्ष काम या दोहोंतील त्यांचे प्रावीण्य, वायूचे दिवे आणि स्वतः यंत्र बसवून चालविलेली आगबोट यांची या निवडीच्या वेळी नोंद घेण्यात आली. हा सन्मान मिळविणारे ते पहिलेच हिंदी गृहस्थ होत. त्यांच्यानंतर हा मान १९१८ साली थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांना मिळाला. या दोन निवडींमध्ये सत्याहत्तर वर्षांचे अंतर आहे.

मानसन्मान मिळाले, तरी आर्देशीर यांची जिज्ञासा थंडावली नाही. १८४९ साली ते पुन्हा परदेशी गेले आणि या वेळी अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेतही जाऊन आले. लाकूड कापण्याची व घडविण्याची नवी यंत्रे तेथे निघाली होती. ती पाहून काही यंत्रे त्यांनी मुंबईसाठी खरेदी केली. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूवर मुलामा देण्याची कला या गोष्टी मुंबईत आणणाऱ्यांत त्यांची गणना होते.

परतल्यावर त्यांच्या आयुष्यातील एक मोठा संकल्प तडीस गेला. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी एक नवी आगबोट पाण्यात उतरविली. पहिल्या आगबोटीचे यंत्र त्यांना परदेशातून आणावे लागले होते. या बोटीचे सर्व भाग मात्र त्यांच्या माझगावच्या ओतशाळेत तयार झाले होते. आगबोटीचे अंग आणि तिचा प्राण अशा दोन्ही गोष्टी आता मुंबईत घडू लागल्या. या बोटीला आपले नाव द्यावे असे त्यांच्या मनात आले नाही. एकशे पंधरा वर्षांपूर्वी सुरतेहून आलेल्या मूळ पुरुषाचे स्मरण करून त्यांनी तिचे नाव लवजी फॅमिली, म्हणजे लवजींचे कुटुंब, असे ठेविले. जुना धंदा सोडून ते नव्या विद्येकडे वळले असे ज्यांना वाटत होते, त्यांना या नावाने खुलासा मिळाला असेल. आर्देशीर यांनी घराण्याची विद्या टाकली नव्हती. काळाच्या ओघात ती वाहून जाऊ नये, म्हणून तिच्यात भर घातली होती.

१ ऑगस्ट १८५७ रोजी ते कंपनीच्या सेवेतून निवृत्त झाले. पण निवृत्तीनंतरही त्यांची विद्या त्यांना स्वस्थ बसू देईना. १८६१ साली कराचीपासून सिंधू नदीवरील कोटरीपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि कोटरीच्या पुढे नदीतून आगबोटींनी वाहतूक करण्याची योजना निघाली. त्या आगबोटींवरील यंत्रांची देखरेख आर्देशीर यांच्याकडे सोपविण्यात आली. तारुण्यात आपल्या पहिल्या आगबोटीला त्यांनी ज्या नदीचे नाव दिले होते, त्याच नदीवर त्यांच्या कारकिर्दीचा शेवट झाला. १८६३ साली त्यांनी हे कामही सोडले.

त्यानंतरचे आयुष्य त्यांनी इंग्लंडमध्ये लंडनजवळील रिचमंड येथे घालविले. त्यांचा संसार दोन देशांत विभागला गेला होता. मुंबईत पत्नी आवाबाई आणि वाडियांचे विस्तीर्ण कुटुंब होते. इंग्लंडमध्ये मॅरियन बार्बर या इंग्रज स्त्रीबरोबर त्यांनी दुसरा संसार थाटला होता. परंतु समुद्रापलीकडे राहूनही त्यांना आपल्या कुळाचा विसर पडला नाही. इंग्रज आईच्या पोटी जन्मलेल्या आपल्या मुलीच्या नावातही त्यांनी लवजी हे नाव गुंफले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षात, रिचमंड येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर बराच काळ त्यांच्या नावाचा लोकांना विसर पडल्यासारखे झाले होते. स्वतंत्र भारताने मात्र त्यांची आठवण ठेविली. १९६९ साली भारताच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले आणि या आद्य यंत्रविशारदाची मुद्रा पत्रांवरून घरोघरी पोहोचली.

आर्देशीर वाडिया यांना वडिलार्जित कौशल्य लाभले होते आणि त्याच्या जोरावर त्यांना सुखाने दिवस कंठता आले असते. पण वाडवडिलांचा अभिमान बाळगणे म्हणजे त्यांनी केले तेवढेच पुन्हा करीत राहणे नव्हे, हे त्यांनी जाणले. लाकडात निष्णात असलेल्या या माणसाने लोखंडाची विद्या विद्यार्थ्याच्या नम्रतेने आत्मसात केली आणि ती इतक्या पूर्णतेने मिळविली, की ज्यांच्याकडून ती घेतली, त्यांच्याच देशबांधवांना तिच्या बळावर मार्गदर्शन केले. मुंबईच्या गोद्यांतून आणि यंत्रशाळांतून पुढे हजारो हिंदी कारागीर काम करू लागले. त्यांच्यासाठी दार प्रथम उघडले, ते माझगावच्या त्या लहानशा ओतशाळेत.